सुराचं शेपूट

खुर्ची करकरली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. स्टुडिओच्या काचेपलीकडे इंजिनिअर बाई शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसली होती, आणि तिची खुर्ची चाकांची, गुबगुबीत, तिच्यातून आवाज निघायची सोयच नव्हती. करकर त्याच्या हेडफोनमधून आली होती. त्याने तो सूर पुन्हा लावला. चेलोची सगळ्यात खालची तार, तिच्यावर अगदी हलक्या हाताने ओढलेला गज, मग गज उचलल्यावर लाकडात मागे राहिलेली घुमघुम, ती विरत विरत जवळजवळ नाहीशी झालेली, आणि तिथे, जिथवर ऐकायला कुणी थांबत नाही तिथे, कुणीतरी खुर्चीत हललं आणि नाकातून श्वास सोडला. बाई की पुरुष, सांगता आलं नसतं. जगाच्या पाठीवर कुठल्याशा खोलीत एका माणसाने काम उरकल्याचा श्वास टाकला होता आणि तो तसाच विकायला ठेवला गेला होता.

खरं तर सकाळ मजेत सुरू झाली होती. एका नव्या मालिकेच्या पार्श्वसंगीतासाठी त्याला तंतुवाद्यांचा संच हवा होता. त्याच्या धंद्यात आता वादकांचा ताफा कुणी बोलावत नाही. एकेका वाद्याचा एकेक सूर कुणीतरी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, हळू, जरा मोठा, त्याहून मोठा, आणि आपण कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. अशा शेकडो सुरांचा एक संच. हा संच दोन प्रकारांत मिळत होता, सोळा बिटचा आणि चोवीस बिटचा, दुसरा पहिल्याच्या दीडपट जड. इंजिनिअर बाई चोवीसच्या बाजूची. तो सोळाच्या. या विषयावर तो तीन कॉलेजांत भाषणं देऊन आला होता आणि त्याचं उदाहरणही ठरलेलं होतं. आवाज मोजायला पट्टी लागते, तो म्हणायचा, सोळा बिटच्या पट्टीवर पासष्ट हजार खुणा असतात, चोवीसच्या पट्टीवर एक कोटी सदुसष्ट लाख. आता मला सांगा, आपल्याला टेबल मोजायचंय, त्याला एवढ्या खुणा कशाला? पोरं हसायची. मग तो गंभीर होऊन सांगायचा की फरक पडतो तो फक्त सूर मरत असताना, शेवटच्या चार खुणांवर. तिथे सोळाची पट्टी भरड होते. पण ते शेपूट कोण ऐकतं? आकड्यांनी निवडू नका, कानांनी निवडा. टाळ्या.

"सर, मग कानांनीच निवडू," बाई म्हणाली होती आणि तिने त्याला पाठ करून बसवलं होतं. दहा वेळा तिने सूर लावला, कधी सोळाचा, कधी चोवीसचा, आणि त्याने ओळखायचं. दहापैकी पाच बरोबर आले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तो खूश झाला, हरल्यावर खूश होणारी माणसं असतात तशातला तो. ती म्हणाली, "ठीक आहे, तुमचंच खरं," आणि चष्मा पुसायला घेतला. एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण त्याला सवय होती, संच घ्यायच्या आधी सगळ्यात खालचा हलका सूर आवाज वाढवून शेवटपर्यंत ऐकायची. आणि खुर्ची करकरली.

"आत्ता जे लावलं होतं ते कुठलं?" त्याने विचारलं.

"सोळा."

"नक्की?"

"नक्की. का, खरखर आहे?"

"शेवटी कुणीतरी श्वास सोडतंय."

तिने ऐकलं. मग चोवीसचा लावून ऐकला. "यातही आहे. दोन्हीत तेवढाच." तिने खांदे उडवले. "आता मुद्दाम ठेवतात सर. खोली जिवंत वाटते म्हणे."

दोन्हीत तेवढाच. हे शब्द त्याने मनात चार वेळा म्हटले, पाचव्या वेळी त्याला बसवेना. तो हेडफोन काढून जिन्यात जाऊन उभा राहिला. जिन्याला नवा रंग दिलेला होता आणि कठड्याला हात लावू नये अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्याने नेमका हात लावला. बावीस वर्षं तो एक गोष्ट सांगत आला होता, आधी ताईला, मग स्वतःला, मग कॉलेजातल्या पोरांना हसवत हसवत, आणि आज एका अनोळखी माणसाच्या खुर्चीने ती एका फटक्यात खोटी पाडली होती. सोळा बिटांत तेवढं मावलं नाही गं ताई, असं तो म्हणाला होता. मावत होतं. सगळं मावत होतं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई बारा. वडिलांची पाळीची नोकरी, ते घरी असले तरी झोपलेले असत. घर दोन खोल्यांचं, मधली भिंत इतकी पातळ की खिळा ठोकला तर पलीकडे टोक निघायचं. संध्याकाळी त्याला लवकर झोपवून ताई पलीकडच्या खोलीत चेलो घेऊन बसायची. गाणी नाही वाजवायची. लांब सूर, एकच एक, गजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. शेजारच्यांना त्याचा वैताग यायचा, पण त्याला ते भिंतीतूनच येतंय असं वाटायचं, भिंतीचाच आवाज आहे आणि ताई फक्त तिला हात लावते. तो भिंतीला गाल लावून झोपायचा. गंमत अशी की वाजणं चालू असताना त्याला गाढ झोप लागायची आणि थांबलं की जाग यायची. डोळे मिटलेलेच ठेवून तो वाट पाहायचा. सूर थांबला, आता घुमघुम, आता तीही गेली, आता काहीच नाही, आणि मग खुर्ची करकरायची, ताई श्वास सोडायची, आणि त्यानंतर पावलं यायची आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण वर सरकायचं. पांघरुणापेक्षा त्याला ती करकर जास्त आवडायची. करकरली म्हणजे ताई येणार, एवढं नक्की असायचं. पुढच्या आयुष्यात इतकं नक्की काही मिळालं असेल असं त्याला आठवत नव्हतं. ताई त्याला टिपकागद म्हणायची. कुठलाही आवाज याच्याजवळून गेला की हा शोषून घेतो, वर दिसत काही नाही, असं ती लोकांना सांगायची आणि त्याच्या डोक्यावर टपली मारायची.

पुढे ती शहराच्या वाद्यवृंदात लागली आणि तो संच बनवणाऱ्या एका कंपनीत. कंपनीच्या साहेबांना चेलोचा संच हवा होता आणि त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझी बहीण आहे ना. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेचा हॉल मिळाला. बत्तीस स्वर, प्रत्येक चार जोरांत, प्रत्येक तीनदा, म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी सूर, आणि त्यासाठी तीन आठवड्यांच्या दुपारी. पंखा बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, ताईच्या मानेवरून घाम ओघळायचा आणि ती पुसायचीही नाही, कारण पुसण्याचा आवाज आला असता. नियम त्यानेच घातला होता. गज उचलल्यावर कुणी हलायचं नाही. घुमघुम पूर्ण मरू द्यायची आणि मेल्यावर मनात दहा मोजायचे. दहानंतर तो बोट वर करायचा आणि मगच ताईने मोकळं व्हायचं. तो समोर जमिनीवर मांडी घालून बसायचा, कानांवर हेडफोन, डोळे घट्ट मिटलेले. आपला श्वास रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तो श्वासही रोखून धरायचा. कधीकधी बोट वर करायच्या आधीच ताईची चुळबुळ सुरू व्हायची. तो चिडायचा. ताई, दहा म्हणजे दहा. ती म्हणायची, बरं बाबा. त्या तीन आठवड्यांत ती दोघं जितकी एकत्र होती तितकी लहानपणानंतर कधी नव्हती, आणि जवळजवळ सगळा वेळ गप्प होती.

मग कापाकापी आली. संच एका डिस्कवर बसला पाहिजे, साहेब म्हणाले. सूर सोळा बिटमध्ये उतरवणं हे त्यातलं सोपं काम, ते यंत्राने एका दुपारीत केलं. पण साहेबांना तेवढ्याने भागणार नव्हतं. गिऱ्हाइकाला सूर पाहिजे, आपला हॉल नको, स्वच्छ कर. म्हणजे प्रत्येक सुराचं शेपूट कापायचं. आवाज पडद्यावर रेषेसारखा दिसतो, मोठा असला की जाड, मरत आला की बारीक. रेष सपाट झाली की तिथून पुढचं सगळं निवडायचं आणि उडवायचं. दोन दिवसांत त्याने तीनशे चौऱ्याऐंशी शेपट्या उडवल्या. हेडफोन गळ्यात लटकत होते. त्याने ते काम डोळ्यांनी केलं, कानांनी नाही. डोळ्यांना तिथे काही दिसतच नव्हतं, आणि तीस वर्षांच्या हुशार माणसाला डोळ्यांना न दिसणारं काही असेल असं वाटत नाही. मूळ रेकॉर्डिंग ज्या मोठ्या डिस्कांवर होतं त्या पुढच्या महिन्यात पुसून ड्रमच्या संचासाठी वापरल्या गेल्या. त्याने स्वतःच पुसल्या.

पहिली प्रत त्याने ताईला नेऊन दिली. तिने आधी कौतुकाने डब्बी उलटसुलट करून पाहिली, मग म्हणाली ऐकव. त्याने ऐकवलं. तिने मान एका बाजूला कलती केली, गज नीट बसतोय की नाही ते बघताना करायची तशी. "सूर संपल्यावर एकदम दार लावल्यासारखं काय होतं रे?" तिने विचारलं. "मी कुठे गेले?" आणि त्याने तिला पट्टीची गोष्ट सांगितली, पासष्ट हजार खुणांची. तांत्रिक अडचण आहे गं. सोळा बिटांत तेवढं मावत नाही. तिने मान डोलावली.

दोन महिन्यांनी कंपनीला एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं. सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेच्या हलक्या सुराच्या शेवटी एक बाई काहीतरी बोलते, कृपया ती काढावी. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. भुताचा सूर असं त्याचं नाव पडलं. तीनशे चौऱ्याऐंशींपैकी एक शेपूट त्याच्या हातून निसटलं होतं. त्याने तो सूर उघडला, रेषेच्या टोकाला तांदळाएवढी फुगवटी दिसली, ती निवडली आणि उडवली. ऐकली नाही. एक बाई काहीतरी बोलते, ती बाई कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी काय बोलते ते ऐकावं असं त्याला वाटलं नाही, कारण चार वाजले होते आणि साहेबांना नवी आवृत्ती पाचला हवी होती. या एका गोष्टीची त्याला नंतर जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रती कंपनीने परत मागवून नष्ट केल्या.

संच मात्र तुफान चालला. ताईचा चेलो सगळीकडे गेला. जाहिरातींत, लिफ्टमध्ये, मालिकेत कुणी आजारी पडलं की, कुणी घर सोडून निघालं की. आणि जसजसा तो गेला तसतशी ताईला येणारी रेकॉर्डिंगची बोलावणी कमी झाली, कारण ताई तर आता सगळ्यांकडे होतीच, कीबोर्डच्या पट्टीखाली, चहा न मागणारी. वाद्यवृंदही पुढे आटला. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने हात झटकावेत तसं शहर झटकलं आणि पाच तासांवरच्या एका लहान गावात शाळेत संगीत शिकवायला गेली. मग मानेतली नस दबली आणि डाव्या हाताची दोन बोटं ऐकेनाशी झाली. हे सगळं त्याला फोनवर कळत गेलं, वाढदिवसाला, वर्षाच्या शेवटी. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. न झालेलं भांडण कसं मिटवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

जिन्यातून परत येऊन त्याने आपला तो जुना संच शोधून काढला आणि खालचा हलका सूर लावला. इंजिनिअर बाईला त्याने काही सांगितलं नाही, नुसतं आवाज वाढव म्हणाला, आणखी वाढव. ताईचा गज तारेला टेकला. सूर उतरत गेला, शेवटाकडे त्यात वाळू मिसळल्यासारखी खरखर आली, ती तेवढी सोळा बिटांची, पट्टीच्या शेवटच्या खुणांची. आणि मग काही नाही. हॉल नाही, दुपार नाही, माणूस नाही. पडद्यावर रेष इतकी सरळ की तिच्यावर बोट ठेवून पुसावंसं वाटावं. "खरखर बिटांची आहे," बाई म्हणाली, "पण हे पुढचं तर कुणीतरी कापलंय."

"हो," तो म्हणाला. "कुणीतरी."

दुपारी त्याने ताईला फोन लावला. कामाशिवाय, वाढदिवसाशिवाय. कोण गेलं, असं तिने विचारलं. कुणी नाही गं. मग काय बोलावं हे त्याला सुचेना, आणि तीही गप्प राहिली. मोबाइलवर माणसं गप्प झाली की पलीकडचं सगळं बंद होतं. बोलणं नसेल तर यंत्र पाठवतच नाही काही, खोली नाही, श्वास नाही. हेही कुणा हुशार माणसाने असंच ठरवलेलं असणार.

"आहेस ना?" त्याने घाबरून विचारलं.

"आहे की. कुठे जातेय?"

"ताई, ती पहिली डिस्क आहे का गं तुझ्याकडे? मी आणून दिली होती ती."

"असेल इथेच. मी काही टाकत नाही. का रे?"

"उद्या येतो," तो म्हणाला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जाच तू, इतकी वर्षं नुसता जाऊ जाऊ करतोयस.

पाच तासांच्या बसमध्ये त्याचा जीव टांगणीला लागला होता. ताईचा तो एक सूर, न कापलेला, एकाच ठिकाणी उरला असेल तर त्या डिस्कवर. सोळा बिट तर सोळा बिट. ताई त्या वेळी अडतीस वर्षांची होती आणि तिने त्याला काहीतरी सांगितलं होतं, आणि ते त्याने न ऐकता उडवलं होतं, एवढंच त्याला ऐकायचं होतं. काय असेल? त्याने अंदाज बांधले आणि मोडले. झालं, असं म्हणाली असेल. उकडतंय म्हणाली असेल. शिवी दिली असेल. दिलेली असू दे. मांडीवरच्या पिशवीत रेकॉर्डर होता, कसा काय तो घेतला हे त्याचं त्यालाच नीट कळलं नव्हतं. शेजारच्या माणसाने हेडफोन न लावता मोबाइलवर मालिका लावली होती. त्या मालिकेत कुणीतरी दार उघडून निघून गेलं आणि मागे चेलो वाजला. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

ताईने दार उघडलं. केस सगळे पांढरे, आणि पूर्वीपेक्षा बुटकी. "वाळलास," ती म्हणाली, जे ती नेहमीच म्हणायची. घर दोनच खोल्यांचं होतं. कोपऱ्यात चेलो उभा होता, विकला असेल असं तो धरूनच चालला होता, पण होता, तारा ढिल्या सोडलेल्या, अंगावर जुनी चादर. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. शेवटी त्यानेच डिस्कचा विषय काढला आणि ताईने एकदम जीभ चावली.

"अरे देवा. ती होय? चकचकीत चकत्या सांगितल्या होत्या शेजारणीने. कबुतरांनी जीव नकोसा केला होता."

बाल्कनीत दोरीला पाच डिस्का टांगलेल्या होत्या आणि वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. त्याची तिसरी होती. ऊनपावसाने तिचा चंदेरी पापुद्रा सुटला होता आणि तिच्यातून आरपार समोरची इमारत दिसत होती. कठड्यावर, तिच्या अगदी खाली, दोन कबुतरं आरामात बसलेली होती. तो हसायला लागला. हसता हसता त्याने कठडा धरला आणि त्याला ताईच्या नजरेपासून तोंड लपवावं लागलं, कारण ते हसणं राहिलं नव्हतं.

"अरे, एवढं काय होतं तिच्यात?"

मग त्याने सांगितलं. खुर्चीचं, श्वासाचं, गिऱ्हाइकाच्या पत्राचं, तांदळाएवढ्या फुगवटीचं. "मी तुला म्हणालो होतो बिटांत मावलं नाही म्हणून. तसं नव्हतं ताई. मावत होतं. मीच कापलं. हाताने कापलं, एकेक करून."

ताईने कबुतरांना हुसकलं. ती उडाली नाहीत, जरा सरकली. "बिट म्हणजे काय ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळलेलं नाही," ती म्हणाली. "तू कापलंस एवढं कळलं होतं. तुझं तोंड लहानपणापासून तसंच होतं खोटं बोलताना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माझा लहान भाऊ मोठा माणूस होत होता." ती आत येऊन बसली. खुर्ची लाकडी होती, करकरली. "राग आला होता हं. नाही कशाला म्हणू. सगळीकडे मी वाजायचे आणि मला कुणी बोलवायचं नाही. परवा दवाखान्यात नंबर लावून बसले होते, टीव्हीवर कुणीतरी मेलं आणि मी वाजले. शेजारची बाई डोळे पुसायला लागली. तिला म्हणणार होते, अहो, त्या दिवशी मला नुसतं उकडत होतं."

"त्या सुरानंतर तू काय म्हणाली होतीस ताई?"

"मला काय आठवतंय? बावीस वर्षं झाली. म्हणाले असेन काहीतरी." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दिसलं असावं की हा माणूस पाच तास बसमधून एवढ्यासाठी आला आहे. तिने आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. "नाही रे," ती म्हणाली. "नाही आठवत."

तर मग ते गेलं. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट गेल्याचं नक्की कळणं हेही एक प्रकारचं घरी पोचणंच, पण तसलं घर कुणाला हवं असतं? त्याला ताई हवी होती, ती अडतीस वर्षांची, घाम न पुसणारी, आणि तिच्याआधीची, भिंतीपलीकडची. समोर बसलेली ताई तीच होती आणि तरी ती हवीशी वाटायची थांबत नव्हती. त्याची नजर कोपऱ्यातल्या चादरीकडे गेली. ताईचीही गेली.

"वाजवत नाहीस का कधी?"

"बोटं कुठे ऐकतात? डाव्या हाताची." तिने तो हात उचलून दाखवला, दोन बोटं बाकीच्यांच्या मागे राहिली. मग ती थांबली. "सगळ्यात खालची तार म्हणालास ना? मोकळी?"

"हो. मोकळी. हलकी."

"मोकळ्या तारेला डावा हात लागतोच कुठे," ताई म्हणाली.

खुंटी चढवताना तिला त्याची मदत लागली. गजाला राळ लावायला तिने त्याला लावलं, लहानपणी लावायची तसं, आणि जास्त लावतोस म्हणून ओरडली. त्याने पंखा बंद केला, खिडकी लावली, रेकॉर्डर तिच्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर ठेवला आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसला. गुडघा कटकन वाजला.

"या वेळी किती ठेवणार?" ताईने विचारलं. "सोळा का चोवीस?"

"काही फरक पडत नाही गं."

"मग चोवीस ठेव."

त्याने चोवीस ठेवलं, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. गज तारेला टेकला. पहिल्यांदा नुसती खरडल्यासारखी कुरकुर आली, मग तारेने धरलं. आवाज पूर्वीचा नव्हता. हात कापत होता आणि सुरात ते कापणं होतं, मध्ये एकदा गज अडखळलाही. गिऱ्हाइकांनी तो सूर परत पाठवला असता. तो जमिनीतून वर आला आणि त्याच्या मांड्यांना, मग पाठीला लागला, आणि तो चार वर्षांचा होता आणि भिंत त्याच्या गालाला लागलेली होती. गज उचलला गेला. आता घुमघुम. लाकडातून ती निघत गेली, खोलीभर झाली, मग खोलीच्या कोपऱ्यांत गेली, मग तिथूनही. बाहेर कबुतर गुटरगूं करत होतं. लांब कुठेतरी नळ वाहत होता. त्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. आवाज येऊ नये म्हणून त्याने छाती घट्ट धरून ठेवली होती, सवयीने, त्याला पत्ताही नव्हता. पाच. सहा. कानांत रक्त धपधप करायला लागलं. सात. खुर्ची करकरली. त्याला वाटलं, ताई, दहा म्हणजे दहा. आणि मग तिचा आवाज आला, अगदी हळू, जणू कुणाला कळू नये अशा बेताने, बावीस वर्षं मध्ये गेलीच नसावीत इतका सहज.

"श्वास घे रे."

त्याने घेतला.